माणसं क्लब सोडत नाहीत, गळून जातात: ज्येष्ठांच्या क्लबातली सभासदसंख्या टिकवायची कशी

ज्येष्ठांच्या एका क्लबचं सेक्रेटरीपद मी काही वर्षं सांभाळलं, म्हणजे खरं सांगायचं तर कोणी घ्यायला तयार नव्हतं म्हणून माझ्या गळ्यात पडलं. पहिल्या वर्षी मला वाटायचं की आपलं काम म्हणजे कार्यक्रम ठरवायचे, हॉल बुक करायचा, माईक चालतोय का बघायचं आणि वर्षाच्या शेवटी हिशोब द्यायचा. ते सगळं केलं, कार्यक्रमही झक्कास झाले. मग वर्षअखेर वर्गणीची यादी घेऊन बसलो तर त्यात अठरा नावं अशी निघाली की खजिनदार म्हणाले, "अहो, हे शेवटचे आले कधी होते?" आणि आमच्यापैकी एकालाही सांगता येईना. कोणी भांडून गेलं नव्हतं, राजीनामा एकाचाही नव्हता, नुसते यायचे थांबले होते आणि आम्हाला गंधवार्ता नाही.

ह्या वयात माणूस क्लब सोडत नाही, तो गळतो. एकदा गुडघा दुखला म्हणून चुकतं, पुढच्या वेळी घरी पाहुणे, तिसऱ्या वेळी नुसताच कंटाळा, आणि चौथ्या वेळी त्याला लाज वाटायला लागते की इतके दिवस गेलो नाही, आता लोक विचारतील कुठे होतात. आणि मेख अशी की विचारत कोणीच नाही. मग तो मनाशी म्हणतो, बघा, माझ्यावाचून कोणाचं काही अडलं नाही. झालं, गेला तो.

म्हणून खाली जे लिहिलंय त्यात कार्यक्रमांबद्दल कमी आणि गैरहजेरीबद्दल जास्त आहे.

आधी वही काढा

हजेरीची वही नसेल तर आजच करा. डावीकडे सगळ्यांची नावं, वर तारखा, आला की टिक, नाही आला तर रिकामी चौकट. एवढंच. कॉम्प्युटरवर करणारा कोणी हौशी असेल तर करू दे, पण तो आजारी पडला की सगळं बंद अशी व्यवस्था नको, कागदी वही कोणालाही चालवता येते.

सह्या घेऊ नका असं मी म्हणेन. आम्ही सहा महिने सह्या घेतल्या, दारात रांग लागायची, कोणाचा चष्मा पिशवीत, कोणी म्हणे नंतर करतो, आणि शेवटी निम्म्या सह्या राहून जायच्या. त्यापेक्षा दारात एक माणूस बसवा जो प्रत्येकाला नावाने हाक मारेल आणि स्वतः टिक करेल. हे काम बोलक्या माणसाला द्या. ज्याला नावं लक्षात राहतात आणि जो "काय, आज काठी नवीन दिसतेय!" असं म्हणू शकतो त्याला. येणाऱ्याला आत शिरतानाच कळतं की आपण आल्याची नोंद कोणीतरी घेतली, आणि ते त्या टिकेपेक्षा मोठं काम आहे.

मग नियम ठरवा. आठवड्याला भेटत असाल तर लागोपाठ दोन चुकल्या की फोन. महिन्याला एकदाच भेटत असाल तर एक चुकली तरी फोन, कारण दुसरीची वाट बघाल तर दोन महिने उलटून गेलेले असतात. दर बैठकीनंतर दुसऱ्या दिवशी दोघांनी दहा मिनिटं वही घेऊन बसायचं आणि कोणाला फोन करायचा ती नावं काढायची. पुढच्या मीटिंगपर्यंत ठेवलंत तर ते कधीच होत नाही, स्वानुभव आहे.

आणि एकदा बसून गणितही करून बघा, डोळे उघडतात. समजा ८० सभासद आहेत आणि दर वर्षी शंभरातले बारा ह्या प्रमाणात कमी होतात: कोणी वारतं, कोणी मुलाकडे राहायला जातं, कोणाचं बाहेर पडणंच थांबतं. नवीन कोणीच आलं नाही तर ८० चे ७०, मग ६२, ५५, ४८ आणि पाचव्या वर्षी ४२. म्हणजे कोणाचंही काहीही न चुकता पाच वर्षांत क्लब जवळजवळ निम्मा. मृत्यू आणि स्थलांतर आपल्या हातात नाही, नुसतं गळणं मात्र बऱ्यापैकी आहे. त्यामुळे जाणाऱ्यांची कारणं वेगवेगळी लिहा, सगळे "कमी झाले" अशा एकाच खात्यात टाकू नका.

फोन कसा करायचा

हे वाटतं तितकं सोपं नाही. पदाधिकाऱ्याचा फोन गेला की समोरच्याला वाटतं वर्गणी मागायला केलाय. म्हणून शक्यतो त्याच्या शेजारी बसणाऱ्याने करावा. सोय म्हणून सगळ्या सभासदांचे आठ-आठ, दहा-दहाचे गट पाडा, प्रत्येक गटाला एक फोन करणारा. गट राहण्याच्या भागाप्रमाणे पाडलेत तर बरं, गरज पडली तर चालत जाऊन दार वाजवता येतं.

"का आला नाहीत?" असं विचारू नका. तो शाळेतला प्रश्न झाला आणि त्याचं उत्तरही शाळेतलंच मिळतं, "जरा बरं नव्हतं." आमच्यातल्या एक काकू ह्यात फार वाकबगार होत्या. त्या फोन लावून आधी स्वतःचंच काहीतरी सांगायच्या, मग म्हणायच्या, "अहो, परवा ते कोडं घातलं होतं, कोणालाच सुटलं नाही, तुम्ही असतात तर सुटलं असतं." समोरचा माणूस दहा मिनिटांत मनातलं सगळं बोलून मोकळा. अर्थात ह्यात खोटं बोलू नका, कोडी सुटत नसणाऱ्याला हे सांगितलंत तर त्याला कळतं की आपल्याला खेळवतायत.

तीन पथ्यं पाळा. त्या फोनमध्ये वर्गणीचा विषय काढायचा नाही, थकलेली असली तरी. पुढच्या बैठकीचा आग्रह एकदाच करायचा, दोनदा केला की ती वसुली वाटते. आणि फोन ठेवल्यावर वहीत एक ओळ लिहायची, कारण काय सांगितलं आणि तुम्हाला काय वाटलं. मात्र आजारपणाचा तपशील, घरातलं भांडण असलं काही त्या वहीत नको, वही दहा हातांत फिरते.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर "सर्वांनी उपस्थित राहावे" असं टाकलं म्हणजे फोन केला असं होत नाही. तिथे सुप्रभातच्या फुलांखाली तो मेसेज गाडला जातो, आणि शिवाय जो गळायच्या बेतात आहे त्याने ग्रुप कधीच म्यूट केलेला असतो.

सांगितलेलं कारण आणि खरं कारण

इथे जरा वेळ काढून वाचा, कारण बहुतेक क्लब इथेच हरतात.

"हल्ली कार्यक्रमात मजा येत नाही" असं कोणी म्हणालं की कमिटी लगेच कार्यक्रम बदलायला धावते. पण आधी हे बघा की त्या माणसाला ऐकू येतंय का. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांप्रमाणे साठीच्या पुढच्या लोकांत २५ टक्क्यांहून जास्त जणांना अडचण व्हावी इतकं कमी ऐकू येतं, म्हणजे तुमच्या हॉलमध्ये दर चारात एक धरा. आणि वयाचा बहिरेपणा असा असतो की आवाज येतो पण शब्द कळत नाही, कारण आधी जातात ते बारीक, वरच्या पट्टीतले आवाज. स, श, फ, त अशा व्यंजनांचे. मग "सात" म्हणाले की "साठ" ते समजत नाही. एकट्याशी बोलताना ओठांवरून, संदर्भावरून भागतं, पण चाळीस माणसं एकदम बोलत असलेल्या घुमणाऱ्या हॉलमध्ये त्या माणसाच्या कानांवर नुसता कलकलाट. दुसऱ्यांदा "काय?" विचारायची लाज वाटते, मग तो नुसता हसतो, मान डोलावतो, आणि घरी जाऊन म्हणतो मजा येत नाही.

उपाय खर्चिक नाहीत. माईक असेल तर तो वापराच. "माझा आवाज मोठा आहे, मला नको माईक" म्हणणारा वक्ता प्रत्येक क्लबात असतो, त्याच्या हातात माईक कोंबा. ओरडून बोललं की स्वर मोठे होतात, व्यंजनं तिथेच राहतात, म्हणून ओरडण्यापेक्षा सावकाश आणि तोंड समोर ठेवून बोलणं चांगलं. बोलणाऱ्याच्या तोंडावर उजेड पडला पाहिजे, पाठीमागे खिडकी नको. हॉलला पडदे, सतरंज्या, काहीही कापडी असलं तर आवाज घुमणं कमी होतं. मागून पंखा घरघरत असेल तर बोलण्यापुरता बंद करा. प्रेक्षकातून कोणी प्रश्न विचारला तर उत्तर द्यायच्या आधी माईकवरून प्रश्न परत सांगा. आणि सूचना नुसत्या तोंडी देऊ नका, फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहा, कागद वाटणार असाल तर अक्षर सोळा पॉइंटच्या खाली नको.

दुसरं न सांगितलेलं कारण म्हणजे अंधार. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो, बाहुली लहान होते आणि भिंग पिवळं पडत जातं म्हणून. वर समोरून गाडीचा दिवा आला की डोळे दिपतात ते वेगळंच. संध्याकाळी सातचा कार्यक्रम म्हणजे काही लोकांसाठी परतीचा प्रवास आंधळा. ते तुम्हाला सांगणार नाहीत की रात्री दिसत नाही, ते म्हणतील "वेळ जमत नाही". आम्ही बैठक दुपारी चारला आणली आणि साडेपाचला संपवायला लागलो, पहिल्याच महिन्यात सात जुने चेहरे परत दिसले. कार्यक्रमात काडीचाही बदल केला नव्हता.

तिसरं, टॉयलेट. ब्लड प्रेशरसाठी लघवी वाढवणारी गोळी बऱ्याच जणांना असते, प्रोस्टेटचा त्रास असतो, बायकांना खोकताना-हसताना थेंब जाण्याची भीती असते. टॉयलेट कुठे आहे, त्याला पायऱ्या किती, कडी लागते का, धरायला दांडी आहे का हे कमिटीतल्या एका बाईने आणि एका पुरुषाने स्वतः जाऊन बघावं. कार्यक्रम सलग दोन तास नको, मध्ये सुट्टी ठेवा आणि ती माईकवरून जाहीर करा, म्हणजे एकटं उठून सगळ्यांसमोरून जावं लागत नाही.

मग पडण्याची भीती. पासष्टीच्या पुढचे २८ ते ३५ टक्के लोक दर वर्षी एकदा तरी पडतात असं जागतिक आरोग्य संघटनेने दिलंय. हाड मोडलं नाही तरी भीती बसते, आणि भीतीने माणूस घरात बसतो, बसल्याने पाय आणखी कमजोर. तुमच्या हॉलला तीन पायऱ्या आणि कठडा नाही, एवढ्यावर एक सभासद कायमचा जाऊ शकतो. हातवाल्या खुर्च्या काही तरी असू द्या, प्लास्टिकच्या बिनहाताच्या खुर्चीतून उठणं ही सत्तरीनंतर कसरत असते. जमिनीवरच्या वायरी चिकटपट्टीने दाबा.

जोडीदार आजारी असणं हे मात्र वेगळंच प्रकरण. विसराळूपणाचा आजार असलेल्या नवऱ्याला एकटं ठेवून बाई दोन तास बाहेर पडू शकत नाही. तिला "या हो" म्हणून काय उपयोग? आमच्याकडे शेवटी असं ठरलं की त्यांनाही घेऊन यायचं, आणि दोन सभासद पाळीपाळीने त्यांच्याशेजारी बसायचे. ते काका तेच चार प्रश्न परत परत विचारायचे, आम्हीही परत परत उत्तरं द्यायचो. काही जणांनी कुरकुर केली, नाही असं नाही.

आणि अपमान. कोणीतरी सगळ्यांदेखत "तुम्हाला काय कळतंय" म्हटलेलं असतं, खुर्चीवरून हटवलेलं असतं, वाढदिवसाच्या यादीत नाव राहिलेलं असतं. बाहेरच्याला हे क्षुल्लक वाटतं. इथे कमिटीने न्यायनिवाडा करत बसू नये, ज्याच्याकडून झालं त्याला हात धरून दुखावलेल्या माणसाच्या घरी घेऊन जावं, बास.

नवीन माणूस आला की पुढचे सहा महिने

अमेरिकेत कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल ह्यांनी २०१८ मध्ये एक अभ्यास छापला, नुसती ओळख असलेल्या माणसाशी जुजबी मैत्री व्हायला साधारण ५० तास सोबत घालवावे लागतात, मित्र म्हणण्याइतकी व्हायला ९० च्या आसपास आणि जिवलग व्हायला २०० च्या वर. त्यांनी बघितले ते काही म्हातारे नव्हते, त्यामुळे आकडा जसाच्या तसा घेऊ नका, पण हिशोब करून बघा. आठवड्याला दोन तास भेटलं तर ५० तास व्हायला पंचवीस आठवडे, म्हणजे जवळजवळ सहा महिने, आणि तेही दर वेळी त्याच माणसाशेजारी बसलं तर! भाषणाच्या कार्यक्रमात सगळे फळ्याकडे तोंड करून बसतात, त्यात एकमेकांशी बोलणं होतंच कुठे.

म्हणून नवीन माणसाला पहिल्या दिवशी एक सोबती जोडून द्या, आणि सोबती म्हणजे अध्यक्ष नव्हे, त्याच्याच रस्त्यावर राहणारा किंवा त्याच्यासारखाच पत्त्यांचा शौकीन कोणीतरी. सोबत्याने तीन कामं करायची: पहिले चार वेळा येण्याच्या आदल्या दिवशी फोन, शेजारी जागा धरून ठेवणं, आणि दर वेळी एका नव्या माणसाशी ओळख करून देणं. एका दिवसात तीस जणांशी ओळख करून दिली तर त्याला एकही नाव आठवणार नाही. छातीवर नावाची पट्टी सगळ्यांनीच लावा, जुन्यांनीही, कारण जुन्यांनाही एकमेकांची नावं आठवत नसतात पण आता विचारायची चोरी.

स्टेजवर उभं करून "आपला परिचय द्या" हा प्रकार मात्र बंद करा. काहींना तो आवडतो, कबूल, पण बुजऱ्या माणसाला तिथेच घाम फुटतो आणि तो दुसऱ्यांदा येत नाही.

जागांचं एक सांगायचं राहिलं. प्रत्येक क्लबात ठरलेल्या खुर्च्या असतात, "ती त्यांची जागा आहे" असं कोणीतरी नवीन माणसाला सांगतं, आणि बोलण्यात काही वाईट हेतू नसतो पण ऐकणाऱ्याला कळतं की इथे आपल्यासाठी जागा नाही. जुन्यांना हलवणं अवघड, ते मी करून बघितलं आणि तोंडघशी पडलो. त्यापेक्षा दर महिन्याला एक बैठक टेबलांभोवती करा, सहा-सहा जणांची, चिठ्ठी काढून. चिठ्ठीवर कोणी रुसत नाही.

काम द्या, मान आपोआप मिळतो

१९७६ मध्ये एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन ह्या दोघींनी एका वृद्धाश्रमात प्रयोग केला होता. एका मजल्यावरच्या लोकांना सांगितलं की तुमच्या खोलीतलं तुम्ही ठरवा, हे रोप घ्या आणि ह्याची काळजी तुम्ही घ्यायची. दुसऱ्या मजल्यावर रोपं दिली पण पाणी नर्स घालणार. तीन आठवड्यांनी पहिला मजला जास्त तरतरीत आणि आनंदी दिसला. प्रयोग छोटा होता, पण ज्याने क्लब चालवलाय त्याला हे पटायला वेळ लागत नाही. ज्याच्याकडे खुर्च्या मांडायचं काम आहे तो कधी चुकत नाही, तो पंधरा मिनिटं आधी येतो आणि आला नाही तर आधी कळवतो.

तेव्हा कामांचे बारीक तुकडे करा. "कार्यक्रम समिती" असं मोठं खातं चार जणांना देण्यापेक्षा दारातली वही, फळ्यावर लिहिणं, माईकच्या बॅटऱ्या, वाढदिवसाची यादी, दिवे-पंखे बंद करणं, किल्ली, फोटो, पत्त्यांचे कॅट मोजून ठेवणं अशी वीस-पंचवीस कामं निघतात. प्रत्येक कामाला दोन माणसं ठेवा, म्हणजे एक आजारी पडला तर अडत नाही आणि दोघांना एकमेकांना फोन करायचं निमित्तही मिळतं. ज्याचा हात थरथरतो त्याला लिहायचं काम देऊ नका, त्याला फोनचं द्या. जो घराबाहेर पडूच शकत नाही त्यालाही फोनचं देता येतं, आमच्या एक आजी शेवटची दोन वर्षं पलंगावरून सगळ्यांना वाढदिवसाचे फोन करायच्या, त्या बैठकीला एकदाही आल्या नाहीत पण क्लबात त्यांना ओळखत नाही असा माणूस नव्हता.

पुरुषांचं एक वेगळं असतं. समोरासमोर बसून "बोला" म्हटलं की गप्प, हाताला काम दिलं की बोलतात. ऑस्ट्रेलियात १९९० च्या दशकात "मेन्स शेड" नावाचे अड्डे निघाले ते ह्याच धर्तीवर, सुतारकाम, दुरुस्ती करता करता शेजारी शेजारी उभं राहून गप्पा. तुमच्याकडे वर्कशॉप नसेल तरी मोडक्या खुर्च्या तर असतील!

कार्यक्रमांबद्दल थोडंसं

बाहेरचा वक्ता आणायचा सोस कमी करा. तिसऱ्या वयाचं विद्यापीठ, म्हणजे निवृत्तीनंतर हौसेने शिकायची सोय, ही कल्पना १९७३ मध्ये फ्रान्समधल्या तुलूझला निघाली, तिथे विद्यापीठातले प्राध्यापक शिकवायचे. १९८२ मध्ये ती ब्रिटनमध्ये गेली तेव्हा त्यांनी प्राध्यापक काढून टाकले, सभासदच एकमेकांना शिकवणार असं ठरवलं, आणि छोट्या छोट्या आवडीच्या गटांवर ती चळवळ तिथे भरपूर पसरली. तुमच्या क्लबात कोणी आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलीयत, कोणी नर्स होती, कोणी रेल्वेत होतं. त्यांना वीस मिनिटं द्या, वीसच, घड्याळ लावून. मोठा कार्यक्रम महिन्यातून एक पुरे, बाकी पत्ते, चालणं, गाणी, मोबाईल शिकणं असे पाच-सात जणांचे गट चालू राहिले तर वर सांगितलेले ५० तास तिथेच भरतात.

वर्गणी आणि खुर्ची

वर्गणीबद्दल एवढंच: वर्षाची एकदम आणि हप्त्याने अशा दोन्ही सोयी ठेवा, सवलत मागायची असेल तर ती फक्त खजिनदाराला माहीत असेल असा नियम करा, आणि थकबाकीदारांची नावं फळ्यावर कधी, कधीही लावू नका. एकदा लावली होती आम्ही. चार जण भरून गेले ते परत आलेच नाहीत, पैसे मिळाले आणि माणसं गेली.

खुर्चीचं जरा कडू आहे. तोच अध्यक्ष बारा वर्षं, तोच सेक्रेटरी, आणि मग हेच लोक म्हणतात की नवीन कोणी पुढे येत नाही. कसं येईल? पदाला मुदत घाला, दोन किंवा तीन वर्षं, लागोपाठ दोनदाच. प्रत्येक पदाला एक जोड-पदाधिकारी ठेवा जो पुढे ते पद घेईल, त्याला पहिल्या दिवसापासून बँकेची कागदपत्रं, हॉलच्या मालकाचा नंबर, सगळं माहीत असलं पाहिजे. आणि जुन्या अध्यक्षाला नुसतं "सल्लागार" करून वाऱ्यावर सोडू नका, त्याला खरं काम द्या, नाहीतर तो मागच्या रांगेत बसून प्रत्येक निर्णयावर सुस्कारे सोडतो. मला माहीत आहे कारण वर्षभर मीच ते केलं.

आजारपण आणि मृत्यू

हॉस्पिटलात असलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यात सगळे भेटतात. क्लबची पाळी त्यानंतर, तो घरी आल्यावर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, जेव्हा येणं-जाणं आटलेलं असतं आणि त्याला वाटतं की आता आपण संपलो. दोघांनी जायचं, अर्धा तास बसायचं, क्लबातल्या चुगल्या सांगायच्या. पहिल्यांदा परत येताना त्याला घरून आणायची आणि घरी सोडायची सोय करा, आणि "पाऊण तास बसा, मग मी सोडतो" असं सांगा. परतीची खात्री असली की माणूस निघतो.

जोडीदार गेलेल्यांसाठी तारीख लिहून ठेवा. पंधरा-वीस दिवस घर भरलेलं असतं, नंतर एकदम रिकामं. दीड महिन्याने फोन, तीन महिन्यांनी फोन. जे जोडीने यायचे त्यांना एकटं दारातून आत येणं सगळ्यात अवघड जातं, म्हणून कोणीतरी घरून बरोबर यावं, आणि शेजारची खुर्ची त्या दिवशी रिकामी राहता कामा नये.

सभासद वारला तर बैठकीत त्याच्याबद्दल दोन माणसांनी खरं काहीतरी सांगावं, छापील श्रद्धांजली नको. त्याच्या नावावर वहीत काट मारू नका. तारीख लिहा आणि चौकटी रिकाम्या ठेवा. वही उघडणाऱ्या सगळ्यांना ते दिसत असतं आणि प्रत्येक जण मनात म्हणत असतो की आपल्या नावाचं काय करतील.

नवीन माणसं आणायची कुठून

साठीचा माणूस स्वतःला म्हातारा समजत नाही, आणि पंच्याऐंशीच्या माणसाबरोबर बसवलं तर बिचकतो. खरं तर त्या दोघांत पाव शतकाचं अंतर आहे, आई आणि मुलगी एकाच क्लबात असू शकतात, आमच्याकडे होत्या. म्हणून साठीतल्या लोकांना "या, आमच्यात बसा" असं बोलावण्यापेक्षा "आम्हाला मोबाईलवरचा फ्रॉड कसा ओळखायचा ते शिकवायला या" असं बोलवा. मदतीला येतात आणि राहतात.

मोठ्या जाहिरातीचा उपयोग मला तरी कधी दिसला नाही. उपयोग होतो तो सभासदाने स्वतः बरोबर आणलेल्या माणसाचा. वर्षातून दोनदा "एकाने एकाला आणा" असा दिवस ठेवा, त्यातला एक १ ऑक्टोबरच्या आसपास, संयुक्त राष्ट्रांनी १९९० मध्ये तो दिवस ज्येष्ठांचा म्हणून ठरवला आहे, बातमी छापून यायलाही सोपं जातं. त्या दिवशी भाषणं ठेवू नका, नेहमीची बैठकच दाखवा. पहिले तीन वेळा फुकट येऊ द्या.

घरच्या लोकांनाही विसरू नका. बऱ्याचदा मुलगा किंवा सून म्हणते, "कशाला दगदग, घरी आराम करा." त्यांना २०१० चा तो अभ्यास सांगा, ज्युलियन होल्ट-लनस्टॅड आणि सहकाऱ्यांनी १४८ अभ्यासांतल्या तीन लाखांवर लोकांची माहिती एकत्र केली, त्यात ज्यांची माणसांशी नाती घट्ट होती ते त्या-त्या अभ्यासाच्या काळात जिवंत असण्याची शक्यता ५० टक्क्यांनी जास्त निघाली. क्लबात आलं की आयुष्य वाढतं असा सरळ अर्थ त्याचा काढू नका, पण "आराम करा" ह्यावर उत्तर म्हणून ठीक आहे.

आणि तरीही संख्या घटत असेल तर

काही क्लब खरंच संपत येतात, जागा जाते, भाग बदलतो, चालवणारे दमतात. वीस-बावीसच्या खाली आलात की वाट बघत बसू नका, जवळच्या दुसऱ्या क्लबशी बोला, हातात थोडे पैसे आणि थोडी माणसं असतानाच, कारण दहा उरल्यावर विलीन होत नाही, नुसतं जमा होतं. जाताना एकेकटे पाठवू नका, पाच-सहाच्या गटाने जा, आणि पहिले तीन महिने एकाच टेबलावर बसा. सर्वसाधारण सभेत ठराव करा, बँकेचं खातं आणि उरलेली शिल्लक तुमच्या घटनेत लिहिलंय त्याप्रमाणे मार्गी लावा.

हजेरीची वही मात्र कोणालाही देऊन टाकू नका. फोन करणाऱ्या काकू असतील तर त्यांच्याकडे ठेवा, त्या तशाही फोन करायच्या थांबणार नाहीत.